लातूर ते तुळजापूर पायी: पायाच्या फोडांचं काय करता?

मांजरेकाठचा | सोमवार, रात्री ८:१५

नमस्कार मंडळी. या कोजागरीला लातूरहून तुळजापूरला पायी जायचं ठरलंय. साधारण ७५ किलोमीटर. औसा, बेलकुंड, आशिव, उजनी, काक्रंबा असा नेहमीचाच रस्ता. मध्ये दोन मुक्काम आणि पुनवेला देवीच्या दारात.

मागच्या साली अर्ध्यातून परत आलो. दम होता, पोटऱ्याही बऱ्या होत्या, पण आशिवच्या पाटीजवळ बूट काढायला म्हणून बसलो ते उठलोच नाही. दोन्ही टाचांना लिंबाएवढे फोड. उजवा फुटून मोजा कातड्याला चिकटलेला. मोजा काढताना काय झालं ते लिहीत नाही, जेवणाची वेळ आहे. शेवटी टमटम करून घरी आलो. गल्लीत अजून मला 'आशिव रिटर्न' म्हणतात.

बूट नवे होते, चांगले साडेतीन हजारांचे, निघायच्या आदल्या दिवशी घेतलेले. ती चूक कळली. पण सोबतच्या मामांनी सगळा रस्ता टायरच्या चपलेत काढला आणि त्यांना कुसळ टोचावं इतकंसुद्धा झालं नाही, हे कसं काय?

तर फोड येऊच नये म्हणून काय करता? बूट बरे की चप्पल? आणि आलाच तर फोडायचा की तसाच ठेवायचा? यावरून आमच्या घरात सरळ दोन तट आहेत.

अजून एक. यंदा आई येते म्हणतीय. वय ६१, शुगर आहे, आणि तिचं म्हणणं देवीला जायचं तर अनवाणीच. तिला कसं समजवावं तेही कुणी सांगा.

चक्रीभुंगा | सोमवार, रात्री ८:२२

पहिला! टमटमनं गेलं की पायाला फोड येत नाहीत. स्वानुभव. दुसरीकडं येतात.

निजामी चहा | सोमवार, रात्री ८:४०

'आशिव रिटर्न' =)) लंडन रिटर्नपेक्षा वजनदार वाटायलंय.

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०:०५

नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून पंढरपूरला सात वेळा गेलोय, म्हणून जरा लांबड लावतो.

पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, म्हणजे पाऊस कधीही गाठणार. पहिल्या वर्षी मीही कॅनव्हासचे बूट घालून गेलो होतो. काळ्या रानातून एक आडवाट घेतली, आणि ज्यांनी मराठवाड्यातली माती ओली झालेली बघितलीय त्यांना पुढचं सांगायला नको. एकेका बुटाला दोन-दोन किलोचा गारा. आतला मोजा ओला, त्यात बारीक माती, वर बूट बंद. पारगाव घुमऱ्याच्या रिंगणापर्यंत माझ्या पायाची चाळण झाली होती. बोटांच्या बेचक्यात चिखल्या, चवड्यावर फोड. घोड्याची टाप बघू की स्वतःची, अशी अवस्था.

त्यानंतर शिकलेलं सांगतो. पाय ओला राहू द्यायचा नाही. दर विसाव्याला बूट-मोजे काढायचे, पाय गमछानं बोटाबोटातून पुसायचे, दहा मिनिटं वाऱ्यावर ठेवायचे. मोज्यांचे तीन जोड. एक पायात, एक पिशवीला सेफ्टी पिनेनं टांगून वाळत, एक कोरडा पॉलिथिनमध्ये. लोक हसतात. पिशवीला मोजे लोंबकळणारा वारकरी म्हणून मला दिंडीत लांबून ओळखतात.

सुती मोजे नकोत. घाम पितात आणि धरून ठेवतात. खेळाच्या दुकानात मिळतात ते नायलॉन-पॉलिस्टरचे बरे. मी आत एक पातळ आणि वर एक जाड घालतो, म्हणजे घासाघाशी मोज्या-मोज्यात होते, कातड्याला झळ नाही.

बूट घ्यायचे तर संध्याकाळी घ्या. दिवसभर चालून पाय सुजतो, सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारी चावतो. अंगठ्यापुढं बोटभर जागा पाहिजे. आणि निघायच्या आधी त्या बुटात निदान महिनाभर दूध आणायला जा, लग्नाला जा, कुठंही जा.

सगळ्यात महत्त्वाचं: चुरचुर लागली की थांबायचं. 'पुढच्या पाटीला बघू' म्हणणारा माणूस पुढच्या पाटीला बसतो.

मांजरेकाठचा | सोमवार, रात्री १०:३१

शेवटचं वाक्य माझ्यावरच लिहिलंय. बेलकुंडलाच चुरचुर लागली होती हो. पण सोबत मेव्हणे होते, त्यांच्यासमोर कोण बसणार.

चक्रीभुंगा | सोमवार, रात्री १०:३३

फोडाचं मूळ कारण सापडलं: मेव्हणे. धागा बंद करा.

काटेकोर | मंगळवार, सकाळी ७:५०

एक दुरुस्ती. घासून फोड येतो हे अर्धंच खरं. नुसतं घासलं तर कातडं सोलतं, फोड येत नाही. एका हाताचं बोट दुसऱ्या हाताच्या पाठीवर दाबून धरा आणि न घसरू देता मागंपुढं हलवा. कातडं बोटाला चिकटून राहतं, आतलं हाड हलतं, मधला थर ताणला जातो. बुटात प्रत्येक पावलाला हेच होतं. मोजा कातडं धरून ठेवतो आणि टाचेचं हाड आत सरकतं. असं हजारो वेळा झालं की वरच्या कातडीच्या आतला एक थर फाटतो आणि त्या फटीत पाणी साचतं.

दमट कातडं मोज्याला जास्त चिकटतं, म्हणून घाम वाईट. गोदाकाठ यांचे दोन मोजे चालतात तेही याच कारणानं.

मामांचं कोडंही इथंच सुटतं. टायरची चप्पल उघडी, टाचेला धरायला काहीच नाही, पाय कायम कोरडा. वर्षानुवर्षं तीच चप्पल आणि तोच पाय. तुम्ही उद्या तसली चप्पल घेऊन निघालात तर अंगठ्याच्या बेचक्यात फोड येईल, मामांना दोष देऊ नका.

घामावरून आठवलं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या लष्करी अकादमीच्या कॅडेट्सवर एक प्रयोग झाला होता. घाम रोखणारं ॲल्युमिनियम क्लोराइडचं २० टक्क्यांचं द्रावण आधीच्या काही रात्री पायाला लावून त्यांना २१ किलोमीटर चालवलं. लावलेल्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, न लावलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना. पण लावलेल्यांत निम्म्याहून जास्त जणांच्या पायाची आग झाली, खाज सुटली. त्यामुळं मी स्वतः त्या वाटेला गेलो नाही.

त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे कागदी चिकटपट्टी, मेडिकलमध्ये मायक्रोपोर म्हणून मिळते ती. २०१६ मध्ये १२८ अल्ट्रामॅरेथॉन धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पट्टी लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी निघालं. निघण्याआधी कोरड्या पायाला, सुरकुती न पडू देता लावायची. सुरकुती राहिली तर तीच फोड आणते.

आजीचा बटवा | मंगळवार, सकाळी ९:१०

एवढं विलायती कशाला? आमच्याकडं शेतकरी माणसं आठ दिवस आधी तळव्याला मेंदी लावतात. पाय थंड राहतो, कातडं घट्ट होतं. रात्री करडीचं तेल जिरवायचं. आणि टाचेला भेगा असतील तर बिब्ब्याचा चटका. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की भेगेत भरायचं. दुसऱ्या दिवशी माणूस पळतो.

हुरडापार्टी | मंगळवार, सकाळी ९:४५

ताई, मेंदीपर्यंत तुमच्या बरोबर आहे. बिब्ब्याला मात्र हात जोडून नाही म्हणतो.

आमच्या चुलत्यांनी यात्रेला निघायच्या चार दिवस आधी अगदी असाच बिब्बा लावला. भेग होती दोन बोटं. तिसऱ्या दिवशी बिब्बा उतला. टाचेवरून घोट्यावर, घोट्यावरून पोटरीवर, पाण्यानं भरलेल्या फोडांची नुसती माळ. पाय लाल, रात्रभर आग आणि खाज. त्यांनी तोच हात तोंडावरून फिरवला तर डोळे सुजून बंद झाले. यात्रा राहिली, आठ दिवस दवाखाना. चालून फोड येऊ नयेत म्हणून लावलं आणि न चालताच आले.

बिब्ब्यातली गोडंबी खावी, लाडवात छान लागते. बाकी बिब्ब्याला लांबूनच नमस्कार.

आजीचा बटवा | मंगळवार, सकाळी १०:०२

सगळ्यांना उतत नाही हो. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या लावतात.

हुरडापार्टी | मंगळवार, सकाळी १०:०६

कुणाला उततो ते लावल्यावरच कळतं, तीच तर भानगड आहे.

सोलापुरी चादर | मंगळवार, दुपारी १:२०

आम्ही सोलापूरहून जातो, ४५ किलोमीटर, एका रात्रीत. कोजागरीच्या रात्री तो सगळा रस्ता माणसांनी भरलेला असतो. पाच दिवस पलंगावर झोपलेली देवी पुनवेला परत सिंहासनावर बसते, तिला बघायला कर्नाटकातूनही लोक चालत येतात.

दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत. पहिली, रस्त्याचा उतार. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. तुम्ही रात्रभर एकाच कडेनं चाललात की एक पाय कायम खालच्या बाजूला, आणि बुटात तो त्या कडेला सरकत राहतो. मला दर वर्षी डाव्याच पायाच्या करंगळीला फोड यायचा. कारण कळायला चार वर्षं लागली. गर्दीसाठी वाहनं बंद केलेल्या पट्ट्यात आता मी मधून चालतो. बाकी ठिकाणी सपाट साइडपट्टी दिसली की तिच्यावर उतरतो.

दुसरी, नाडी. बुटाला घोट्याजवळ सगळ्यात वर एक जास्तीचं भोक असतं, आपण सगळे ते रिकामं सोडतो. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून ओवून बारीक फासा करायचा, समोरच्या बाजूची नाडी त्या फाशातून काढून आवळायची. टाच उचलली जात नाही. आशिव रिटर्न, तुमच्या दोन्ही टाचांना एकसारखे फोड आले म्हणता, म्हणजे टाच बुटात वरखाली होत होती. हे करून बघाच.

निजामी चहा | मंगळवार, दुपारी १:४४

उजनीवरून जाणार आणि बासुंदीचा विषय अजून निघाला नाही, हे कसलं मराठवाड्यातलं संस्थळ?

चक्रीभुंगा | मंगळवार, दुपारी १:४६

बासुंदी आतून लावायची की बाहेरून?

हुरडापार्टी | मंगळवार, दुपारी १:५०

दोन वाट्या आतून. मग फोड आला तरी झोपेत कळत नाही. पण पुढं चालणं होत नाही हा एक दुष्परिणाम.

सुईदोरा | मंगळवार, दुपारी ३:३०

फोडायचा की ठेवायचा यावर कुणी बोललंच नाही. मी माजी सैनिक. आमच्याकडं सरळ हिशेब होता. सुईत दोरा ओवायचा, फोडाच्या या कडेनं घालून त्या कडेनं काढायचा, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापायची. दोऱ्यावाटे पाणी झिरपत राहतं, फोड परत भरत नाही. पंचवीस-तीस किलोमीटरचा मार्च दुसऱ्या दिवशी परत काढायचो. आयडी उगाच घेतला नाही.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:५५

ग्रामीण रुग्णालयात ड्युटी असते. यात्रेच्या दिवसांत आमच्याकडं पायच पाय येतात. आज जरा निवांत आहे म्हणून लिहिते.

सुईदोरा दादा, तुमच्या नोकरीचा मान ठेवून सांगते, तो दोरा आत ठेवू नका. पाणी ज्या वाटेनं बाहेर येतं त्याच वाटेनं घाण आत जाते. धुळीच्या रस्त्यावर तो दोरा म्हणजे वातच. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना काही झालं नसेल. ज्यांना झालं ते आम्हाला भेटतात.

हरभऱ्याएवढा, न दुखणारा फोड असेल तर हात लावू नका. वरचं कातडं हीच सगळ्यात चांगली पट्टी. त्याच्याभोवती आधार द्या. जुन्या योगा मॅटचा किंवा फोमचा तुकडा घ्या, मधे फोडापेक्षा थोडं मोठं भोक कापा आणि वड्यासारखा तो तुकडा फोडाभोवती चिकटवा. दाब फोडावर न पडता कडेवर पडतो.

मोठा, तट्ट भरलेला, पाऊल टेकू न देणारा फोड असेल तर पाणी काढलेलं बरं. हात साबणानं धुवा, फोडही धुवा, वर पोव्हिडोन आयोडीन लावा. मेडिकलमधून इंजेक्शनची बंद पाकिटातली सुई आणा, चार-पाच रुपयांना येते. गोधडीची सुई काडीवर तापवून वापरू नका, काजळी आत जाते. फोडाच्या मधे न टोचता बुडाशी, कडेला दोन-तीन ठिकाणी टोचा. स्वच्छ गॉजनं हलकं दाबून पाणी काढा. वरचं कातडं ओढून काढायचं नाही. मलम लावून, न चिकटणारं गॉज ठेवून पट्टी मारा. थेट कापूस लावू नका, नंतर तो निघत नाही. रोज बदला. आत रक्त दिसत असेल तर टोचूच नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं आठवत नसेल तर निघायच्या आधी विचारून घ्या.

पू आला, भोवतीची लाली पसरायला लागली, पाय गरम लागतो, लाल रेघ वर चढतीय किंवा ताप आला, तर चालणं तिथंच संपलं. दवाखाना गाठा.

आता आई. वर लिहिलेलं काहीच त्यांना लागू नाही. बरीच वर्षं शुगर असली की पायाची जाणीव कमी होते. एका आजोबांच्या बुटात ज्वारीच्या दाण्यापेक्षा मोठा खडा होता. दिवसभर त्याच्यावर चालले, कळलंच नाही. बूट मी उलटा केला तेव्हा तो टणकन फरशीवर पडला आणि आजोबा म्हणाले, "हे कुठून आलं?" तळव्याला भोक पडलं होतं. ती जखम भरायला चार महिने गेले. ऑक्टोबरच्या दुपारी तापलेल्या डांबरावर अनवाणी चालवू नका. आपल्याला चटका बसला की आपण पाय उचलतो, त्यांचा पाय उचललाच जाणार नाही. फोड आला तर घरी टोचायचा नाही, डॉक्टरकडंच. मुक्कामाला गरम पाण्यात पाय बुडवायचे असतील तर आधी तुम्ही हात घालून बघा.

निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना पाय दाखवा. ते नको म्हणाले तर नको.

सुईदोरा | बुधवार, सकाळी ६:१०

डॉक्टरताई, मान्य. दोरा मागे घेतो. पण आयडी बदलणार नाही.

मांजरेकाठचा | बुधवार, सकाळी ८:३०

ताई, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. खड्याची गोष्ट ऐकून जरा गप्प बसली. मग म्हणाली, "मला कळतंय माझा पाय." मी म्हटलं डोळे मीट. पेनाचं टोक तिच्या तळव्याला चार ठिकाणी हलकंच टेकवलं आणि विचारलं कुठं लागलं. दोन ठिकाणचं कळलं. दोन ठिकाणी म्हणाली, "अजून टेकवलं नाहीस ना?"

आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

दुपारी डॉक्टरांकडं जातोय.

गोदाकाठ | बुधवार, सकाळी ९:००

माऊलींना माझा नमस्कार सांगा. आणि एक सुचवतो, पटलं तर बघा. आमच्या दिंडीत वयस्कर माणसं गाडीत बसतात आणि शेवटचा टप्पा चालतात. त्यांची वारी कुणी कमी धरत नाही.

आजीचा बटवा | बुधवार, सकाळी ९:२०

आईंना म्हणावं, अनवाणीचं व्रत घराच्या उंबऱ्यापासून कुणी मोजत नाही. गाभाऱ्यात सगळेच अनवाणी असतात. (बिब्बा नको, हे मीच सांगते.)

चक्रीभुंगा | बुधवार, सकाळी ९:२२

धाग्यात चमत्कार! आजीच्या बटव्यातून बिब्बा बाहेर.

काटेकोर | बुधवार, सकाळी ११:१५

व्हॅसलीनचा विषय राहिला. लावल्यावर पहिला तास छान सरकतं, पण पुढं ते मोज्यात जिरतं आणि ओलसर कातडं उलट जास्त चिकटतं. लावायचं तर दर विसाव्याला पुसून नव्यानं लावा. आणि ज्या जागी लावाल तिथं टेप टिकणार नाही. एका जागी एकच काहीतरी.

नखंही कापा, पण निघायच्या दिवशी नको. तीन-चार दिवस आधी, सरळ.

मांजरेकाठचा | वीस दिवसांनी, रात्री ९:३०

मंडळी, पोचलो. पूर्ण. चालत.

जुनेच ऑफिसचे स्पोर्ट्स बूट घातले, वरच्या भोकातून नाडी, टाचेला आणि करंगळीला टेप. मोजे पिशवीला टांगले, मेव्हणे हसले. उजव्या चवड्याला औश्याच्या पुढं चुरचुर लागली. त्यांच्यासमोरच रस्त्याच्या कडेला बसलो, पाय पुसले, टेप लावली, दहा मिनिटं वाऱ्यावर ठेवले. ते म्हणाले, "एवढ्यातच?" आशिवच्या पाटीला स्वतः मेव्हणे बसले. दोन्ही टाचा. मी माझा सुका मोजा त्यांना दिला आणि त्यावर एक शब्द बोललो नाही. (घरी आल्यावर बोललो.)

फोड एकच आला, डाव्या अंगठ्याच्या कडेला, हरभऱ्याएवढा. हात लावला नाही. आता वाळून कातडं कडक झालंय.

आईला डॉक्टरांनी पूर्ण चालायला सक्त मनाई केली. मऊ तळाची, मागून पट्टा असलेली सँडल घ्यायला लावली. ती पाहुण्यांच्या गाडीतून काक्रंब्याला आली आणि तिथून पहाटेच्या गारव्यात आमच्याबरोबर हळूहळू चालली. दर थोड्या वेळानं सँडल काढून झटकायचो. तिसऱ्या वेळेला खरंच एक खडा निघाला. तिनं तो उचलून बघितला आणि पदराच्या टोकाला बांधला.

दर्शन झालं. बाहेर आलो तर सँडल गायब! कुणीतरी घालून गेलं. आई इतकी हसली की बाजूचे लोक बघायला लागले. म्हणे, "बघ, तिनं घेतलंच शेवटी मला अनवाणी." महाद्वाराबाहेरच्या दुकानातून चप्पल आणेपर्यंत तिला पायरीवर बसवून ठेवलं.

रात्रपाळी | वीस दिवसांनी, रात्री १०:४०

अभिनंदन! पायरीपर्यंत मात्र त्या अनवाणीच चालल्या ना? घरी आल्यावर तळवे बघितले का?

मांजरेकाठचा | वीस दिवसांनी, रात्री १०:४४

बघितले ताई. खाली आरसा धरून, बोटांच्या बेचक्यांसकट. काही नाही. फक्त कुंकू लागलेलं होतं.

निजामी चहा | वीस दिवसांनी, रात्री १०:५०

सगळं लिहिलं, बासुंदीचं काय ते लिहिलंच नाही.